एक नंबर मोठा स्क्रू

फायबरच्या होडीच्या काठावरचा दोर बांधायचा खुंटा हलायला लागला की त्यावरचा सर्रास चालणारा उपाय ठरलेला आहे. जुना स्क्रू काढायचा, भोकात थोडे सिलिकॉन पिळायचे आणि एक नंबर मोठा स्क्रू आवळून मोकळे व्हायचे. पाच मिनिटांचे काम. खुंटा त्या दिवशी घट्ट बसतो, पुढच्या हंगामात पुन्हा हलतो. मग आणखी मोठा स्क्रू. तोही धरेनासा झाला की खुंटा चार बोटे बाजूला सरकवतात, तिथे नवी भोके पाडतात आणि जुनी भोके पुट्टी फासून रंगाखाली जातात. दहा-बारा वर्षे वापरलेल्या होडीचा काठ खरवडला तर अशी बुजवलेली, अर्धवट बुजवलेली, विसरून गेलेली भोके ओळीने सापडतात. हे काम किरकोळ समजले जाते, आणि नेमके तेच चुकते आहे असे मला वाटते. स्क्रूचे जुने भोक ही होडीच्या अंगाला झालेली जखम आहे. ती वरून झाकून भागत नाही, आतून भरून काढावी लागते. ज्या होडीवर एका घराचे पोट चालते तिचे आयुष्य यावर ठरते, म्हणून हा विषय कारागिराच्या पेटीतून बाहेर काढून चारचौघांत बोलण्याजोगा आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की फायबर कुजत नाही, गंजत नाही, त्याला कीड लागत नाही. मग पाच मिलिमीटरच्या भोकाची एवढी चिंता कशाला? यातले फायबरविषयीचे म्हणणे खरेच आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, टोलीडो इथे रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये काचेचे तंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांची होडी बनवली. या जातीच्या अगदी पहिल्या होड्यांपैकी ती एक. पुढे १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये पिअर्सन ट्रायटन ही अठ्ठावीस फुटी शिडाची होडी आली आणि ती शेकड्यांनी बनली. त्यांतल्या कित्येक साठ वर्षे उलटूनही पाण्यात आहेत, कवच शाबूत आहे. पण या होड्या जतन करणाऱ्यांना सर्वांत जास्त घाम गाळावा लागला तो डेकवर. डेक म्हणजे फायबरचे दोन पातळ थर आणि मधे बाल्सा लाकडाचा गाभा. त्यातून आरपार गेलेल्या स्क्रू-बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपले आणि वर्षानुवर्षे आत मुरत राहून त्याने गाभ्याचा चिखल केला. फायबर टिकले, त्याच्या पोटातले लाकूड गेले. आपल्याकडच्या मासेमारीच्या होडीत बाल्साच्या जागी बहुधा प्लाय किंवा साधे लाकूड असते: मशीन लावायच्या मागच्या पाटीत, काठाच्या आत, बैठकीच्या फळीत. वरून सगळे फायबरच दिसते, म्हणून आत लाकूड आहे हे विसरायला होते.

आता त्या भोकात काय घडते ते जवळून पाहू. होडीच्या बाहेरच्या अंगाला जेलकोटचा जो चकचकीत थर असतो तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. स्क्रू थेट आत घुसवला तर त्याचे दोरे हा ठिसूळ थर वर उचलतात आणि भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. त्याच्या आत काचेचे तंतू असतात. होडीचे सगळे बळ या तंतूंच्या सलगपणात असते, आणि ड्रिलने ते तोडलेले असतात. तुटलेल्या तंतूंची उघडी टोके भोकाच्या भिंतीवर असतात. त्यांच्या कडेने पाणी वातीतल्या तेलासारखे आत ओढले जाते. त्यात मशीनची थरथर, लाटेचा हेलकावा, दोराचा झटका. स्क्रू एकाच जागी हजारो वेळा किंचित हलतो आणि प्रत्येक वेळी भोकाच्या भिंतीची थोडी भुकटी करतो. भोक गोल राहत नाही, लांबट होते. एक नंबर मोठा स्क्रू या लांबट भोकात जाऊन उरलेल्या चांगल्या तंतूंचाही चुरा करतो. म्हणून त्याची पकड प्रत्येक वेळी आधीपेक्षा लवकर सुटते.

स्क्रू स्टेनलेसचा आहे, तो कुठे गंजणार, असे म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. स्टेनलेस गंजत नाही ते त्याच्या अंगावर सतत तयार होणाऱ्या अतिशय पातळ ऑक्साइडच्या थरामुळे, आणि तो थर टिकायला प्राणवायू लागतो. ओल्या, बंद भोकात खारे पाणी अडकून राहिले की तिथला प्राणवायू संपतो, थर तुटतो आणि स्टेनलेससुद्धा आतून खाल्ले जाऊ लागते. मॉलिब्डेनम असलेले ३१६ जातीचे स्टेनलेस साध्या ३०४ पेक्षा जास्त तग धरते, पण अशा कोंडलेल्या ओलीपुढे तेही कायमचे टिकत नाही. वरचे डोके लखलखीत आणि खालचा दांडा निम्मा झिजलेला, असा स्क्रू बाहेर येतो तो यामुळे. ज्या खुंट्याला होडी बांधून माणूस घरी झोपतो, तो खुंटा कशाच्या आधारावर उभा आहे हे वरून कळत नाही.

आणखी एक समज उलटा आहे. पाण्याखालच्या भोकाची सगळ्यांना धास्ती असते, काठावरच्या भोकाकडे कोणी पाहत नाही. हिशेब करून पाहा: पाण्याच्या पातळीखाली एक फुटावर चार मिलिमीटरचे मोकळे भोक असेल तर त्यातून तासाला साधारण ६५ लिटर पाणी आत येते, म्हणजे तीन-चार बादल्या. हे धोक्याचे आहे, पण ते दिसते. पायाला ओल लागते, पंप जास्त वेळ चालवावा लागतो, माणूस भोक शोधतो आणि त्याच दिवशी बुजवतो. काठावरच्या भोकातून तासाला चमचाभर पाणीही जात नाही, म्हणून ते वर्षानुवर्षे तसेच राहते. शिवाय तिथे पडते ते पावसाचे गोडे पाणी. समुद्राचे खारे पाणी लाकडाला काही प्रमाणात राखते, मिठात कुजवणारी बुरशी सहज वाढत नाही; गोड्या पाण्यात ती फोफावते. आपली होडी जून-जुलैत किनाऱ्यावर वर ओढून ठेवलेली असते. झाप किंवा ताडपत्री जिथे फाटली तिथून कोकणातला पाऊस दोन महिने काठावर आणि मागच्या पाटीवर गळत राहतो. म्हणजे होडी समुद्रात नसते तेव्हाच ती जास्त कुजते.

मग दुरुस्ती कशी व्हावी? स्क्रू काढल्यावर आधी भोक बोलते ते ऐकावे. स्क्रूच्या दोऱ्यांत तांबूस पाणी किंवा काळपट ओला भुसा आला तर गाभ्यात पाणी गेले आहे. भोकाभोवती हातोडीच्या दांड्याने हलके ठोकत जावे. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी भद्द येतो. बाजारात नारळ वाजवून घेणाऱ्या माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही. आवाज बिघडलेला पट्टा हातभर लांब असेल तर भोक भरण्यात अर्थ नाही, तिथले फायबर कापून गाभाच बदलावा लागेल, आणि हे मालकाला स्पष्ट सांगणारा कारागीर खरा. पट्टा बोटभर असेल तर भोकातूनच काम होते. वरच्या थरातले भोक थोडे मोठे करायचे, ड्रिलला काटकोनात वाकवलेला खिळा लावून दोन थरांमधला ओला, मऊ झालेला प्लाय चहूबाजूंनी अर्धा इंच तरी खरवडून काढायचा. मीठ गोड्या पाण्याने धुऊन टाकायचे, कारण मीठ राहिले तर ते हवेतली ओल पुन्हा ओढते. मग वाळू द्यायचे, आणि खरोखर वाळू द्यायचे. त्यानंतर मेण आणि तेल निघेपर्यंत अॅसिटोनने पुसायचे आणि मगच घासायचे. आधी घासले तर मेण घासपेपरने आतच दाबले जाते. आता पातळ इपॉक्सी ब्रशने किंवा सिरिंजने आत सोडून लाकडाला पिऊ द्यायचे, आणि ते ओले असतानाच सिलिका पावडर व बारीक काचतंतू घालून पेढ्यासारखे घट्ट केलेले इपॉक्सी ठासून भरायचे. तळाला चिकटपट्टी लावली की ते खालून सांडत नाही. भोक खोल असेल तर दोन-तीन टप्प्यांत भरावे. एकदम जाड गोळा भरला तर तो स्वतःच्याच उष्णतेने तापतो, वाफाळतो आणि तडकतो. दुसऱ्या दिवशी या घट्ट झालेल्या खुंटीच्या मधोमध नवे बारीक भोक पाडावे, त्याचे तोंड किंचित रुंद करावे म्हणजे जेलकोट फुटत नाही, आणि मग स्क्रू. आता पाणी झिरपले तरी ते इपॉक्सीच्या भिंतीला लागते, लाकडापर्यंत पोचत नाही. या सगळ्या खटाटोपाचा हेतू तेवढाच आहे. वर उघडे राहणारे इपॉक्सी मात्र रंगाखाली झाकावे, उन्हाने ते पिवळे पडून भुरभुरते. आणि ज्या खुंट्यावर होडीचा भार येतो तिथे स्क्रू नकोच; आरपार बोल्ट आणि खाली रुंद पट्टी हवी. पाण्याखालचे मोठे भोक असेल तर नुसत्या भरणाने भागत नाही: कडा उतरत्या घासून वर काचतंतूंच्या मॅटचे थर द्यावे लागतात, आणि उतार जाडीच्या बारा पट धरतात. सहा मिलिमीटरच्या तळाला तो चहूबाजूंनी ७२ मिलिमीटर होतो. एवढ्याशा भोकासाठी वीतभर जागा घासायची म्हटले की जीव वर-खाली होतो, पण तोडलेल्या तंतूंचे बळ नव्या तंतूंना देण्याचा दुसरा मार्ग नाही.

होडी बनवताना पॉलिएस्टर रेझिन चालते, मग दुरुस्तीलाच महागडे इपॉक्सी कशाला, हा कारागिरांचा नेहमीचा प्रश्न, आणि तो वाजवी आहे. नवी होडी साच्यात बनते तेव्हा एकावर एक ओले थर पडतात आणि रासायनिक रीतीने एकजीव होतात. जुन्या होडीतले पॉलिएस्टर कधीच पक्के झालेले असते. नवे पॉलिएस्टर त्याला फक्त घासलेल्या खरबरीत पृष्ठभागावर धरून राहते, शिवाय घट्ट होताना ते पाच टक्क्यांहून अधिक आकसते आणि भोकाच्या भिंतीपासून सुटायला बघते. इपॉक्सी फार कमी आकसते, जुन्या फायबरला आणि लाकडाला दोघांनाही चांगले चिकटते. मोटारीच्या गॅरेजमधली लांबी तर इथे मुळीच नको. ती ओल शोषते. आणि खर्चाचे म्हणाल तर एका भोकाला इपॉक्सी लागते दोन-तीन चमचे. किलोचा भाव पाहून घाबरू नये, चमच्यांचा हिशेब करावा. सिलिकॉनची स्वस्ताई मात्र फसवी आहे. ते पाणी काही काळ अडवते, बळ काहीच देत नाही, आणि एकदा भोकात गेले की त्याचा अंश फायबरवर असा बसतो की पुढे तिथे रेझिनही नीट चिकटत नाही आणि रंगही धरत नाही. आजचे सिलिकॉन उद्याच्या चांगल्या दुरुस्तीचा रस्ता बंद करते.

इपॉक्सी वापरायला सुरुवात केली तरी एक जुनी सवय आड येते, आणि माझ्या मते बहुतेक फसलेल्या दुरुस्त्यांचे मूळ तिथे आहे. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर एक-दोन टक्के लागतो. घाई असेल तर हात थोडा सैल सोडला की माल लवकर घट्ट होतो. हात याला सरावलेला असतो. इपॉक्सीचे गणित तसे नाही. तिथे रेझिनचा आणि हार्डनरचा प्रत्येक कण एकमेकांशी जोडी जुळवतो, म्हणून डब्यावर लिहिलेले प्रमाण तंतोतंत पाळावे लागते. जास्त हार्डनर टाकला तर ते लवकर घट्ट होत नाही, कायमचे मऊ राहते. डोळ्याच्या अंदाजाने नाही तर मोजून, आणि दोन मिनिटे भांड्याच्या कडा खरवडत ढवळून, असा हा माल आहे. वैशाखातल्या उन्हात तो झपाट्याने चढतो, दहा अंश तापमान वाढले की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो; म्हणून थोडा थोडा कालवावा आणि सकाळी काम करावे. पॉलिएस्टर वापरणाऱ्यांसाठी जाता जाता एक इशारा: हार्डनर आणि कोबाल्ट अॅक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. हार्डनरचा एक थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा आणि मास्क या कामात हातोडीइतकेच गरजेचे आहेत.

वेळेचा आक्षेप मात्र सर्वांत वजनदार आहे. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते १ जून ते ३१ जुलै. होडी मोकळी मिळते ती तेव्हाच, एरवी एक दिवस होडी उभी म्हणजे एक दिवसाची चूल थंड. पण याच दोन महिन्यांत कोकणातली हवा ओलीचिंब असते. प्लाय वाळत नाही, पॉलिएस्टरचा वरचा थर चिकट राहतो, इपॉक्सीवर मेणचट साय धरते आणि ती पाण्याने पुसल्याशिवाय पुढचा थर बसत नाही. ओल्या गाभ्यावर घाईने भोक बुजवणे म्हणजे पाण्याला आत कोंडून वरून टाळे लावणे. यावर तोडगा आहे, तो काम दोन भागांत वाटून घेण्याचा. भोके उघडण्याचे, खरवडण्याचे आणि वाळवण्याचे काम एप्रिल-मेमध्ये व्हावे. मासळी कमी लागते त्या दिवसांत एक-एक खुंटा सोडवता येतो. सगळी होडी एकदम उभी करायची गरज नाही. भरणही शक्य तेवढे मेअखेर उरकावे. पावसात उरले असेलच तर नुसत्या झापाखाली करू नये; त्या जागेभोवती प्लास्टिकचा आडोसा करून आत एक-दोन दिवस विजेचा दिवा लावून ठेवावा, गाभा हाताला कोरडा लागल्यावरच भरावे. आणि अजिबात जमलेच नाही तर भोक न बुजवता वरून पक्के झाकावे, ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहावी. उघडे, कोरडे राहिलेले भोक ओलीवर बुजवलेल्या भोकापेक्षा बरे. नारळी पौर्णिमेच्या आधी होडी रंगवून देखणी करण्याची आपली रीत चांगलीच आहे, पण रंगाच्या आधी भोकांचा हिशेब व्हायला हवा.

शेवटी कोणी म्हणेल, होडी जुनी झाली की नवी घ्यावी. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांच्या जुन्या होड्या बदलायला अनुदान आहे, सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. योजना चांगली आहे, ज्याची होडी संपली त्याने तिचा लाभ जरूर घ्यावा. पण उरलेला वाटा कर्जातूनच येतो, आणि जुन्या होडीचे काय करायचे हा प्रश्न राहतोच. लाकडी होडीचे मोडून जळण होई, खिळे भंगारात जात. फायबर वितळवून नवे बनवता येत नाही. ते उघड्यावर जाळले तर विषारी धूर, पुरले तर पिढ्यान् पिढ्या तसेच, आणि खाडीत सोडले तर भरती-ओहोटीत झिजून काचेची आणि प्लास्टिकची भुकटी मासळीच्या पोटात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१९ मध्ये खास फायबरच्या जहाज-होड्यांच्या अखेरीवर अहवाल काढला तो हा प्रश्न जगभर पेटल्यामुळे. त्याच वर्षी फ्रान्समध्ये फुरसतीच्या होड्या बनवणाऱ्यांच्या खर्चाने जुन्या होड्या मोडून देण्याची व्यवस्था सुरू झाली. आपल्या किनाऱ्यावर तशी सोय मच्छीमाराच्या हाताशी नाही. तोवर फायबरचा कचरा कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे आहे ती होडी पाच-दहा वर्षे जास्त चालवणे, आणि ती वर्षे भोकांच्या नीट दुरुस्तीतून मिळतात.

हे ज्ञान आपल्या लोकांना परके नाही. लाकडी होडीच्या काळात फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून राळ भरणे हे काम घाईने उरकायचे नाही हे प्रत्येक कोळीवाड्याला माहीत होते. त्यासाठी जाणता माणूस बोलावला जाई, आणि त्याचा शब्द मालक मोडत नसे. रेझिन म्हणजे कारखान्यातली राळच. साहित्य बदलले तेव्हा ती शिस्त मागे पडली, कारण फायबरला काही करावे लागत नाही असे सांगूनच ते विकले गेले. ती शिस्त परत आणता येते. कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून मासेमारीच्या नौकांवर काम करते. लाकडावर फायबरचे आवरण चढवण्याचा तिचा अनुभव जुना आहे. रत्नागिरीला शिरगावचे मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे. मत्स्यव्यवसाय विभागाची प्रशिक्षण केंद्रे आहेत. यांनी एप्रिल महिन्यात बंदरावरच, एका खऱ्या जुन्या होडीवर, दोन दिवसांचा वर्ग घ्यावा, वर्गखोलीत नाही. आणि डिझेल-बर्फ पुरवणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थांनी इपॉक्सीचे छोटे पुडे, मापाचे पेले आणि ३१६ चे स्क्रू आपल्या गोदामात ठेवावेत. पाव किलो माल हवा असलेल्या माणसाला मुंबईहून पाच किलोचा डबा मागवायला लावले तर तो सिलिकॉनची नळीच उचलणार.

ज्यांच्या घरी फायबरची होडी आहे त्यांना विनंती आहे. यंदा होडी वर ओढण्याआधी, मेच्या पहिल्या आठवड्यात, काठावरचे आणि मागच्या पाटीवरचे स्क्रू एक-एक करून सोडवून पाहा. दोऱ्यांत तांबूस पाणी दिसले तर तिथे मोठा स्क्रू घालू नका, ते भोक उन्हाकडे तोंड करून उघडे ठेवा आणि आपल्या कारागिराला बोलवा.